कडेचे केंद्रक

शनिवारी दुपारी तीनला दहा मिनिटे कमी असताना धाराशिवच्या एका खाजगी प्रयोगशाळेतून माझ्या मोबाईलवर कागदाचे छायाचित्र आले. कागदाच्या माथ्यावर माझ्या पत्नीचे नाव होते, शिवकांता, आणि वय, अठ्ठावन्न. त्याखाली इंग्रजीत नऊ ओळी होत्या आणि तळाशी बारीक अक्षरांत 'दोनपैकी पान पहिले' असे छापलेले होते. दुसरे पान आलेच नाही. तीन वाजून पाच मिनिटांनी मी फोन लावला, तेव्हा घंटा नुसती वाजत राहिली. शनिवारी तीनला प्रयोगशाळा बंद होते आणि रविवारी उघडत नाही, ही सूचना पावतीच्या पाठीमागे होती. पहिल्या पानावर वर्णन होते. निष्कर्ष दुसऱ्या पानावर होता. सोमवार सकाळपर्यंत मला वर्णनावर जगायचे होते.

गाठ शिवकांताच्या मानेच्या मुळाशी, जराशी डावीकडे होती. तिने ती वर्षभर माझ्यापासून लपवली. आमच्या लिंगायत घरी प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असते; त्याचा दोरा, म्हणजे शिवदार, नेमका त्या गाठीवरून जाई आणि तिथे घासे. एके दिवशी मला तिच्या शिवदाराला मागच्या बाजूने मलमलीची चिंधी गुंडाळलेली दिसली. कारण विचारले, तर "उकडतंय म्हणून" असे उत्तर मिळाले. दिवस पौषाचे होते. त्या विसंगत उत्तरामुळेच मी पदर सरकवून पाहिले आणि माझ्या बोटाखाली लिंबाएवढे, मऊ, सरकणारे काहीतरी लागले. पुढच्याच आठवड्यात धाराशिवला सुई घालून त्यातला अंश तपासणीसाठी काढून घेण्यात आला.

मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. जे आपल्या भाषेत सांगता येत नाही ते आपल्याला कळलेले नसते, असे मी मुलांना बजावत आलो; तेव्हा त्या नऊ ओळींचे मराठी केल्याविना मला राहवले नाही. परिभाषा कोश काढला, शिसपेन्सिलीला टोक केले आणि संध्याकाळपर्यंत पुढील मजकूर सिद्ध केला: 'नमुन्यात प्रौढ मेदपेशींचे पुंजके आहेत. पेशी मोठ्या आहेत. प्रत्येक पेशी एकाच मोठ्या पोकळीने व्यापलेली असून केंद्रक परिघाकडे ढकलले गेले आहे व चपटे झाले आहे. त्यामुळे पेशीला खड्याच्या अंगठीचे रूप आले आहे. केंद्रके बारीक व एकसारखी आहेत.'

बाकीचे शब्द मी ओलांडून गेलो. 'केंद्रक' या शब्दापाशी मात्र अडलो. शब्दाची घडण उघड आहे: केंद्र, आणि त्याला 'क' हा प्रत्यय, जे केंद्रात असते ते केंद्रक. ज्याला नावच त्याच्या जागेवरून मिळाले आहे, ते त्या जागेवर नसेल, ढकलले गेले असेल आणि वर चपटे झाले असेल, तर त्या पेशीत काही धड उरले आहे असे कोणी कसे म्हणावे? आणि ढकलले, तर कोणी ढकलले? मी वाक्याचा कर्ता शोधू लागलो. कर्मणी प्रयोगात कर्ता लपू शकतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले होते. त्या संध्याकाळी तो लपलेला कर्ता माझ्या घरात वावरू लागला.

रविवारी सकाळी शिवकांता दूध घालून परत आली. आमच्या दोन म्हशी आहेत. दूध संकलन केंद्रावर यंत्राने दुधातली फॅट मोजतात आणि तिचा आकडा ती रोज घरी येऊन मला ऐकवते.

"आज सात-दोन लागली," किटली पालथी घालत ती म्हणाली. "रिपोर्ट आला का?"

"अर्धा आला."

"अर्धा? गाठ तर आख्खी हाय."

"पहिले पान आले आहे. त्यात फक्त वर्णन आहे."

"कशाचं?"

"पेशींचे. मेदाच्या पेशी आहेत."

"मेद म्हंजी?"

"चरबी. फॅट."

तिचा चेहरा एकदम उजळला. "मग बरंच की! फॅट कवा वाईट असती का? लागली न्हाय तर मानूस रडतंय."

"तुला समजत नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज नको तितका चढला. "पेशीचे केंद्रक जागेवर नाही. कडेला गेले आहे."

"केंद्रक. ह्याच्यावरूनच तुमचं नि बिभीषण सरांचं वाजलं हुतं न्हवं?"

वाजले होते. बिभीषण सर आमच्याच शाळेत विज्ञान शिकवत. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी शाळेच्या व्हरांड्यातील भिंतीवर पेशींची चित्रे काढून घ्यायचे ठरवले. कोंडीराम पेंटरला कागदावर नमुने देऊन ते दोन दिवस प्रशिक्षणाला लातूरला गेले, आणि भिंतीवरचे शुद्धलेखन पाहण्याचे काम माझ्याकडे आले. शेवटचे चित्र मेदपेशीचे होते: एक मोठे पिवळे वर्तुळ आणि त्याच्या अगदी कडेला एक जांभळा ठिपका. बाण काढून त्या ठिपक्याला 'केंद्रक' म्हटले होते. मला वाटले, पेंटरचा हात चळला.

"कोंडीराम, हा ठिपका मध्यभागी घे."

"सर, सरांच्या कागदावर कडंलाच हाय."

"कागद चुकला असेल. केंद्रक म्हणजे केंद्रात असणारे. शब्द चुकत नाही."

कोंडीरामने कडेच्या ठिपक्यावर पिवळा रंग मारला आणि वर्तुळाच्या ऐन मध्यावर रुपयाएवढा नवा ठिपका दिला. एवढ्यावर माझे समाधान झाले नाही. चित्राखाली मी एक ओळही लिहवून घेतली: 'केंद्रक पेशीच्या केंद्रस्थानी असते.'

बिभीषण सर परतल्यावर शिक्षकांच्या खोलीत तासभर वाद झाला. ते म्हणत, पेशी आधी आली, शब्द मागाहून. मी म्हणे, तर मग शब्द घडवणाऱ्यांना डोळे नव्हते काय? अखेर त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "ज्यानं केंद्रक हलवलं, त्यानंच ते परत कडेला न्यायचं. मी ब्रश लावणार नाही," असे म्हणून ते निघून गेले. त्यानंतर आम्ही एकमेकांशी कामापुरतेही बोललो नाही. ते निवृत्त झाले, पाठोपाठ मीही झालो. वाद मी जिंकला असे मी धरून चाललो होतो, कारण ठिपका अजून मध्यभागी होता.

"त्यास्नी इचारा की," शिवकांता म्हणाली.

"नऊ वर्षांत मी त्यांच्या दारात गेलेलो नाही."

"तुमचा वाद माझ्या गाठीपरीस मोठा हाय का?"

मी स्कूटर काढली.

बिभीषण सरांचे घर येरमाळ्याच्या रस्त्याला आहे आणि शाळा वाटेतच लागते. रविवार असल्याने फाटक नुसते लोटलेले होते. मी व्हरांड्यात गेलो. कांद्याची साल, स्नायू, मज्जापेशी, आणि शेवटी ते पिवळे वर्तुळ. मी जवळ जाऊन पाहिले. नऊ उन्हाळ्यांत वरचा रंग विटला होता आणि त्याखाली झाकलेला कडेचा जुना ठिपका फिकट जांभळा होऊन पुन्हा वर आला होता. एका पेशीला दोन केंद्रके झाली होती, एक त्यांचे आणि एक माझे.

त्या भिंतीसमोर मला माझी अडचण प्रथमच स्वच्छ दिसली. मेदपेशीचे केंद्रक मुळातच कडेला असेल, तर बिभीषण सर बरोबर होते आणि शिवकांताला भिण्याचे कारण नव्हते. ते मध्यभागीच असायला हवे असेल, तर मी बरोबर होतो. आणि मी बरोबर असलो तर पुढचे वाक्य काय, ते मनातही पुरे करण्याचे मला धैर्य झाले नाही. आजवर मी वाद घातले ते जिंकण्यासाठी. एखादा वाद आपण मुळापासून, सप्रमाण, पुन्हा तोंड वर काढता येणार नाही इतका हरावा, अशी प्रार्थना मी त्या सकाळी गळ्यातले लिंग मुठीत धरून केली.

द्वारकाबाईंनी, म्हणजे बिभीषण सरांच्या पत्नीने, मला अंगणात पाहिले आणि आत वळून हाक दिली, "अहो, बाहेर या. आज दिवस कुठनं उगवलाय बघा!"

सर हातात ठिबकचा फिल्टर घेऊन बाहेर आले. त्याची जाळी घासण्याचे त्यांनी थांबवले नाही. "या सर. नऊ वर्षांनी माझा कोणता शब्द चुकला?"

"माझाच चुकला असावा अशी आशा धरून आलो आहे," मी म्हणालो आणि मोबाईल व माझ्या मराठी भाषांतराचा कागद त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी माथ्यावरचे नाव वाचले. "वहिनींचा?"

"हो."

फिल्टर खाली ठेवून ते ओट्यावर बसले. चष्मा पुसला, दोन बोटांनी अक्षरे मोठी केली आणि नऊच्या नऊ ओळी दोनदा वाचल्या. तेवढ्या वेळात द्वारकाबाईंनी दिलेला चहा माझ्या हातात निवून गेला.

"ह्यात तुम्ही नेमकं कशाला भ्यालात?"

"केंद्रक कडेला ढकलले गेले आहे."

"मेदपेशीत ते कडेलाच असतं, सर."

"निरोगी माणसाच्याही?"

"तुमच्या, माझ्या, हिच्या. सगळ्यांच्या."

"माझ्यात जरा जास्तीच असतील," द्वारकाबाई म्हणाल्या.

"पण ढकलले कोणी?" मी विचारले.

"चरबीनं. दुसरं कोण?" सर ओट्यावर सरसावून बसले, आणि मला त्यांचा वर्ग आठवला. "चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला एसटी खच्चून भरते, तेव्हा कंडक्टर कुठं असतो?"

"दारात."

"दाराला चिकटून, पार चपटा होऊन. म्हणून गाडी बिघडली असं म्हणता का तुम्ही? तिकिटं तोच फाडतो, घंटी तोच मारतो. मेदपेशीचं काम चरबी साठवायचं. आत चरबीचा एकच थेंब असा फुगतो, असा फुगतो, की केंद्रकाला अंग चोरून कडेला उभं राहावं लागतं. कारभार मात्र त्याचाच. वरून बघितलं तर कडं दिसतं चरबीभोवतीच्या पातळ थराचं, आणि खडा दिसतो केंद्रकाचा. म्हणून लिहिलंय, अंगठीसारखी."

कर्ता सापडला होता. शनिवारच्या संध्याकाळपासून माझ्या घरात वावरणारा तो कर्ता म्हणजे पेशीत वाजवी जागी राहणारा चरबीचा एक थेंब होता. तरीही माझ्या तोंडून निघालेच, "पण कंडक्टरला आपण वाहक म्हणतो, मध्यक म्हणत नाही. नाव जर—"

"आलात का परत वादावर!"

"नाही, नाही. हरलो."

"लिहून द्याल?"

"भिंतीवर लिहून देतो."

ते हसले, पण लगेच हात वर करून त्यांनी मला थांबवले. "एक मात्र ऐकून घ्या, मग घरी जा. अंगठीसारखी पेशी एका वाईट रोगातही दिसते. तिथं पोकळीत चरबी नसते, दुसरंच काही असतं, आणि केंद्रकं काळी, वेडीवाकडी असतात. इथं प्रौढ मेदपेशी म्हटलंय, केंद्रकं बारीक नि एकसारखी म्हटलीत. हे वाक्य तुम्ही स्वतः लिहिलंत आणि त्याच्यापाशी थांबला नाहीत. मला त्याच वाक्यानं धीर येतो. पण मी मास्तर आहे, डॉक्टर नव्हे. दुसरं पान बघितल्याबिगर मी शब्द देणार नाही."

ज्या माणसाशी मी नऊ वर्षे अबोला धरला, तो पुराव्याच्या बाबतीत माझ्याहून काटेकोर होता. घरी येताना स्कूटरवर माझा श्वास पहिल्यांदा पोटापर्यंत उतरला.

सोमवारी आम्ही दोघे पहिल्या एसटीने धाराशिवला गेलो. प्रयोगशाळा उघडायच्या आधीपासून मी पायरीवर उभा होतो आणि शिवकांता मला दोनदा म्हणाली, "बसा की. दारं काय तुमच्या बघण्यानं उघडतेत का?" तपासणी करणाऱ्या डॉक्टर हर्षाली स्वतः आल्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या असतील. दुसरे पान पाठवायचे राहून गेले, हे कळताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"काका, दोन दिवस तुम्ही नुसत्या पहिल्या पानावर काढलेत? माफ करा हो." त्यांनी यंत्रातून कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर फक्त तीन ओळी होत्या, आणि मी कोश आणला होता, पण त्याची गरज पडली नाही, त्यांनीच सांगितले, "चरबीची साधी गाठ आहे. लिपोमा म्हणतात. कॅन्सरचं काही लक्षण नाही. वाढायला लागली किंवा दुखायला लागली तर सर्जनना दाखवून काढून घ्या. नाहीतर राहू दे तशीच."

मी कागदाची घडी घालू लागलो. ती मला नीट घालता येईना. कोपऱ्याला कोपरा मिळेना.

"म्हंजी फॅटच निघाली," शिवकांता म्हणाली.

"हो काकू, फॅटच."

"किती लागली?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मी खुलासा केला, तेव्हा त्या इतक्या हसल्या की आतली मदतनीस मुलगी बाहेर डोकावली. "आमच्याकडे तेवढं यंत्र नाही, काकू. पण दाखवते, या."

त्यांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आधी मी डोळा लावला. फिकट पडद्यावर एकमेकींना खेटून बसलेली मोठमोठी रिकामी वर्तुळे होती. चरबी रसायनात धुऊन जाते, म्हणून ती रिकामी दिसतात, असे डॉक्टरांनी सांगितले. प्रत्येक वर्तुळाची कड दोऱ्याइतकी बारीक होती, आणि त्या कडेवर कुठेतरी एकच जांभळा, चपटा ठिपका. मी वर्तुळांमागून वर्तुळे पाहिली. मध्यभागी ठिपका असलेले एकही सापडले नाही. कोंडीरामने पहिल्यांदा जे काढले होते, तेच काचेवर शेकड्यांनी पसरले होते. मी डोळा लावूनच राहिलो, कारण डोळे कोरडे नव्हते.

"सरका, मलाबी बघू द्या. माझी गाठ हाय," शिवकांता म्हणाली. तिने पाहिले आणि वर न बघता विचारले, "हे कडंला टिपके हायेत, तेच का तुमचं केंद्रक?"

"तेच."

"आन् हे कडंला हायेत म्हणून तुमी दोन दिस जेवला न्हाईत?"

"केंद्रक या शब्दाचा अर्थच मुळी—"

"आमचं दूध केंद्र गावात कुठं हाय?"

दूध संकलन केंद्र गावाच्या पार टोकाला, वेशीबाहेर डांबरी रस्त्याला लागून आहे.

"गावाच्या मधोमध हाय का?" ती म्हणाली. "दवाखान्याचं केंद्र कुठं हाय? त्येबी कडंलाच. तरी सगळ्या गावाचं दूध तिथंच जातंय, न्हाय का? केंद्र म्हंजी जिथनं काम चालतंय ती जागा. येवढं तर मलाबी कळतंय, आन् म्या सातवी शिकलेली."

डॉक्टर हर्षाली माझ्याकडे उत्तराच्या अपेक्षेने पाहू लागल्या. एकतीस वर्षे शिकवलेल्या भाषेत हा शब्द रोज माझ्या कानांवरून जात होता, आणि मी तो कोशात शोधत होतो. बाहेर आल्यावर आम्ही बसस्थानकाजवळ दोन प्लेट भजी खाल्ली. मी तिसरी मागवली, तेव्हा शिवकांता म्हणाली, "पुरे. तुमची फॅट वाढंल," आणि मग मला जे हसू आले ते ठसका लागेपर्यंत थांबले नाही.

पुढच्या रविवारी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी रंगाचे तीन डबे आणि ब्रश विकत आणले. कोंडीराम आता लातूरला असतो. शिवाय ठरावही तसाच होता, ज्याने हलवले त्यानेच न्यायचे. बिभीषण सर वर्गातली खुर्ची व्हरांड्यात ओढून, पायावर पाय टाकून परीक्षकासारखे बसले. शिवकांता पायरीवर होती. तिच्या शिवदारावरची मलमलीची चिंधी जाऊन तिथे खणाची नवी पट्टी शिवलेली होती, आणि ती आता पदराबाहेर होती.

मी मधला ठिपका पिवळ्या रंगाने बुजवला. दोन हात मारावे लागले. मग कडेच्या विटलेल्या ठिपक्यावर जांभळा ब्रश टेकवला.

"गोल नको, सर. चपटा करा," मागून सूचना आली. "यात्रेतला कंडक्टर आठवा."

मी चपटा केला. बाणाची दिशा वळवली. खालच्या ओळीवर पांढरा रंग फासला आणि तो वाळेपर्यंत नवे वाक्य मनात तीनदा घडवले, तीनदा मोडले. शेवटी लिहिले: 'मेदपेशीत चरबीचा थेंब मोठा असतो; केंद्रक कडेला राहून काम चालवते.'

बिभीषण सर उठून भिंतीपाशी आले. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत, रंगाला न शिवता, एकेक अक्षर तपासले. "अर्धविराम बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"खात्री आहे?"

"वाद घालायचा असेल तर बसू," मी म्हणालो.

"तुमी दोघं बसा रात होईस्तवर," शिवकांता पायरीवरून उठत म्हणाली. "मला धारा काढायच्या हायेत. केंद्र सातला बंद हुतंय."